निकेलबॅक न आवडण्याची कारणे

निकेलबॅकला नावे ठेवणे फार स्वस्त झाले आहे. 2011 मध्ये डेट्रॉइटला थँक्सगिव्हिंगच्या फुटबॉल सामन्यात मध्यंतरी हा कॅनेडियन बँड वाजवणार म्हटल्यावर विरोधाच्या अर्जावर पन्नास हजारांवर सह्या पडल्या. 2016 मध्ये कॅनडातल्या केन्सिंग्टन गावच्या पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना तंबी दिली, की तुरुंगात नेताना निकेलबॅक ऐकवू. (पुढे माफीही मागितली.) सह्या करणाऱ्यांतल्या कितींनी त्यांचा एक अख्खा अल्बम ऐकला होता, कुणास ठाऊक. मला हा बँड आवडत नाही, तो ऐकून.

अल्बर्टा प्रांतातल्या हॅना गावची ही मंडळी. 2001 साली त्यांचे ‘हाउ यू रिमाइंड मी’ बिलबोर्डच्या यादीत पहिले आले. गाणे वाईट नाही. गायक चॅड क्रोगरचा खरखरीत गळा, कडव्यात मागे सरलेली गिटार, ध्रुवपदाला एकदम तुटून पडणारी सगळी वाद्ये. पण 2003 चे ‘समडे’ ऐकावे. कुणीतरी ही दोन्ही गाणी एकाच वेळी, एक डाव्या कानात आणि एक उजव्या कानात वाजवून दाखवली, आणि ती थक्क व्हावे इतकी जुळली. शब्द वेगळे, सांगाडा तोच. हळू कडवे आणि दणदणीत ध्रुवपद ही रीत निर्वाना या बँडचीही होती; तिथे मात्र गाणे हातातून निसटेल की काय, अशी धास्ती वाटे. निकेलबॅकने रीत उचलली, धास्ती वगळली.

या साचेबंदपणाला रेडिओही जबाबदार. 1996 च्या अमेरिकन कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती केंद्रे असावीत यावरची मर्यादा उठवली आणि क्लिअर चॅनल या कंपनीकडे हजारावर केंद्रे गेली. गाणी निवडणारे हात कमी झाले. ऐकणाऱ्याने केंद्र बदलू नये, एवढीच अपेक्षा उरली. क्रीड, पडल ऑफ मड, थ्री डोअर्स डाउन हे बँड याच हवेत वाढले. शिव्या मात्र सर्वाधिक निकेलबॅकने खाल्ल्या, कारण त्यांच्या ‘ऑल द राइट रीझन्स’ या अल्बमला (2005) अमेरिकेत एक कोटीचे डायमंड प्रमाणपत्र मिळाले.

‘यांच्यात सच्चेपणा नाही’ हा समीक्षकांचा आवडता आरोप मला पोकळ वाटतो. तोंड रंगवणाऱ्या ‘किस’ बँडकडे सच्चेपणा कोण मागतो? माझी तक्रार नादाची आहे. गिटारचे थरावर थर, त्यावर गळ्याचे थर, आणि सगळे इतके दाबून सारख्या पातळीवर आणलेले की जोर कळायला लागणारी शांतता उरतच नाही. चार गाण्यांत कान थकतो.

‘ऑल द राइट रीझन्स’चा सहनिर्माता जोई मोई पुढे नॅशव्हिलला गेला. फ्लोरिडा जॉर्जिया लाइन आणि मॉर्गन वॉलन यांच्या कंट्री गाण्यांमागे तोच आहे, आणि ध्रुवपदाचा तो फुगवटा तिथेही ऐकू येतो. 2023 मध्ये निकेलबॅकला कॅनडाच्या म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. कारागिरी त्या मानाची आहेच. गाणी मला आजही लागोपाठ ऐकवत नाहीत.