पुन्हा पुन्हा पडणारे स्वप्न : अर्थनिर्णयाचा प्रश्न

बालपणी वारंवार पडलेल्या स्वप्नाचा उल्लेख आत्मचरित्रात आला, की समीक्षक बहुधा फ्रॉइडप्रणीत प्रतीकांचे कोष्टक पुढे ओढतो. स्वप्नात पाणी असले की जन्म, हा निर्णय ठरलेला. ही पद्धती सदोष आहे. आघातग्रस्त रुग्णांना तोच प्रसंग स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसतो व अशी स्वप्ने इच्छापूर्तीच्या सिद्धान्तात बसत नाहीत, हे खुद्द फ्रॉइडला १९२० मध्ये मान्य करावे लागले होते.

सातारा-सांगलीच्या परिसरात हा आक्षेप अधिक ठळक होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा पाटण खोरे झोपेत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले. येथील मुलाच्या स्वप्नात भिंत हलली वा पाणी चढले, तर प्रतीक शोधण्यापूर्वी घटना विचारावयास हवी. एरवी त्याच्या भयाचाच आपण अव्हेर करतो. मात्र दुसरे टोकही टाळले पाहिजे. आगीतून वाचलेल्या माणसालाही प्रचंड लाटेचे स्वप्न पडू शकते, याकडे अर्नेस्ट हार्टमन या मानसचिकित्सकाने लक्ष वेधले आहे. तेव्हा स्वप्नातले पाणी महापुराचेच असेल, असेही नाही.

मग निर्णय कशावरून करावा? प्रस्तुत लेखकाच्या मते, निवेदकाच्या क्रियापदावरून. मराठीत प्रश्न पडतो, तसेच स्वप्नही ‘मला पडते’. ज्याला ते पडते तो वाक्याचा कर्ता नसतो. ‘मला पुराचे स्वप्न पडे’ या रीतिभूतकाळात कित्येक रात्रींची एकच घडी होते, आणि ती मुलाने नव्हे, प्रौढ निवेदकाने घातलेली असते. पुढे ‘एकदा मात्र निराळेच स्वप्न पडले’ असा साधा भूतकाळ आला, की ती घडी उलगडू लागते. ‘नंतर ते पडेनासे झाले’ असे वाक्य आले, तर समीक्षकाने तेथे थांबलेच पाहिजे. त्या सुमारास काय बदलले, घर, माणसे की केवळ वय, याचा शोध मजकुरातच घेता येतो.

ही कसोटी स्वप्नाचा अर्थ सांगत नाही, त्याच्या कथनाचा सांगते, हे खरे. परंतु समीक्षकाच्या हाती कथनच येते. स्वप्न कधीच येत नाही.