नेमणुकीनंतरचा माणूस

कवीला ‘आत्ममग्न’ म्हटले की तो गौरव ठरतो. नोकरीच्या उमेदवाराला ‘स्वमग्न’ म्हटले की फाईल मिटते. शब्द जवळचेच, पण वाचणाऱ्याची नजर वेगळी. या नजरेचा दोष माझ्याच हातून घडलेला आहे. सेलूच्या एका संस्थेत हिशेबनिसाच्या जागेसाठी मी मुलाखती घेत होतो. एका तरुणाने समोर ठेवलेल्या खतावणीतली चूक पाहता पाहता दुरुस्त केली. मात्र बोलताना माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. ‘मिळूनमिसळून वागणार नाही,’ असा शेरा मी मारला आणि जागा दुसऱ्याला गेली. तो स्वमग्न असल्याचे पुढे त्याच्या वडिलांकडून कळले. आधीची नोकरीही त्याची बसण्याची जागा वारंवार बदलल्यामुळे सुटली होती.

तेव्हापासून या विषयावरील चित्रपट मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. ‘रेन मॅन’ (१९८८) मधील रेमंडची स्मरणशक्ती लास व्हेगासच्या जुगारघरात पत्ते मोजण्याच्या कामी येते आणि अखेर तो आपल्या संस्थेत परततो. ‘माय नेम इज खान’ (२०१०) चा रिझवान सौंदर्यप्रसाधने विकतो खरा, पण कथानकाला ती नोकरी पुरत नाही; त्याला राष्ट्राध्यक्षांच्या भेटीसाठी बाहेर पडावे लागते. ‘बर्फी’ (२०१२) मधील झिलमिलच्या वाट्याला प्रेम येते, पगार येत नाही. तिन्हींत करुणा आहे, अभिनयाचे सामर्थ्यही आहे. परंतु सोमवारी सकाळी त्याच खुर्चीवर येऊन बसणारा, पहिल्या तारखेला पगार घेणारा साधा माणूस या तिघांनाही दिसलेला नाही.

तो मला एका ग्रंथात भेटला. जॉन डॉनव्हन आणि कॅरन झकर यांच्या ‘इन अ डिफरंट की’ (२०१६) मध्ये डोनल्ड ट्रिपलेटची हकीकत आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातला हा पहिला मुलगा. मिसिसिपीतील फॉरेस्ट या लहान गावी त्याने बँकेत वर्षानुवर्षे नोकरी केली, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला. २०२३ साली तो वारला. या हकीकतीत चमत्कार नाही, आणि तेच तिचे मोल आहे. गावाने त्याच्या लकबी सांभाळून घेतल्या. अर्थात, त्याचे आजोबा त्या बँकेच्या संस्थापकांपैकी होते, हेही विसरून चालणार नाही.

ज्याच्या आजोबांची बँक नाही, त्याने काय करावे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांत ४ टक्के जागा राखल्या. त्यांतला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून आहे. वाजवी सोयी देण्याचे बंधनही या आस्थापनांवर आहे. नेमणूक कायद्याने होईल. पण टिकणे अवलंबून असते ते लेखी सूचना, ठरलेली जागा, थोडी शांतता अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर.

सेलूपासून सेवाग्राम दूर नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामाभोवती शिक्षणाची मांडणी केली. त्याच जिल्ह्यात राहून मी माणसाचे काम सोडून त्याची नजर तपासत बसलो. समोरची कृती वाचणे हा टीकाकाराचा पहिला धर्म. त्या दिवशी दुरुस्त केलेली खतावणी माझ्या टेबलावर उघडी पडली होती, आणि मी ती वाचली नाही.