अलर्ट मेलवर घ्यायचा की फीडवर?

पीएचडीची नोंदणी झाली की पहिला सल्ला मिळतो, 'गूगल स्कॉलरवर अलर्ट लावून टाक.' सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. अलर्ट लावला की आपलं वाचन सुरू झालं असं उगाच वाटायला लागतं. मेल मात्र बँकेच्या नि रिचार्जच्या मेलांखाली दबून जातात. न उघडलेले किती पडलेत ते मोजणं मी सोडून दिलंय.

दुसरा रस्ता फीडचा. (नाव आरएसएस, पण दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर 'मी आरएसएस वापरतो' म्हटलं तर ऐकणारा भलतंच समजेल, म्हणून फीडच म्हणू.) १९९९ पासूनची ही पद्धत. वेबसाइट नव्या मजकुराची यादी एका ठरावीक पत्त्यावर ठेवते आणि आपला फीड रीडर अधूनमधून जाऊन ती पाहून येतो.

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घ्या. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांना, मजुरांना विषबाधा झाली, जीव गेले. यावर संशोधन करायचं तर शेती, विषशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा तिन्ही बाजूंना लक्ष ठेवावं लागतं. पबमेडवर जिल्ह्याचं नाव आणि 'पेस्टिसाइड' इंग्रजीत टाका आणि 'क्रिएट आरएसएस' दाबा. मिळालेली लिंक झोटेरोत घातली की नवे पेपर तिथंच दिसतात, आवडला तो थेट संग्रहात. मेल अलर्टला तिथं खातं लागतं, फीडला लागत नाही.

इथपर्यंत फीडवाले खुशीत सांगतात. पुढचं सांगत नाहीत. फीडमध्ये फक्त ताजं तेवढंच असतं. आरकाइव्हची यादी तर रोज बदलते. रीडर लॅपटॉपवर असेल आणि कापूस वेचणीच्या दिवसांत लॅपटॉप पंधरा दिवस बंद राहिला, तर मधलं गेलं ते गेलंच. मेल बिचारा वाट बघत पडून राहतो. फीडलीसारखा ऑनलाइन रीडर आपल्या माघारीही यादी गोळा करतो, पण ती सेवा दुसऱ्याची. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंदच झाला. तरी फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये काढून दुसरीकडं नेता येते, आणि मला फीड जवळचा वाटतो तो यासाठीच. मेल अलर्ट असे उचलून नेता येत नाहीत, प्रत्येक साइटवर जाऊन नव्याने लावावे लागतात.

खरा धोका मात्र वेगळाच. एका नियतकालिकाने वेबसाइट बदलली, फीडचा जुना पत्ता मेला. रीडरने चकार शब्द काढला नाही. चार महिने मला वाटलं, नवीन काही आलंच नाही. प्रगती अहवालात तसं लिहूनही टाकलं! गाइडांनी त्याच नियतकालिकातले दोन पेपर समोर ठेवले. 'या विषयावर अलीकडे काम झालेलं नाही' हे वाक्य आपण किती सहज लिहितो, आणि ते कधीकधी निव्वळ मेलेल्या फीडवर उभं असतं. न उघडलेल्या मेलवरही असतंच म्हणा, पण तो मेल निदान शोधला तर सापडतो.

आता माझी विभागणी अशी: नियतकालिकं आणि पबमेडचे ठरलेले शोध फीडवर. कोणत्या पेपरला कुणी उद्धृत केलं ते मेलवर, कारण स्कॉलर फीड देतच नाही. फेलोशिपच्या तारखाही मेलवर, त्यांना वेगळं लेबल लावून. आणि महिन्याच्या एक तारखेला मुख्य सहा नियतकालिकांची पानं हाताने उघडून बघतो. अर्धा तास जातो. अहवालातला तो परिच्छेद अजून दुरुस्त करतोय.