पाय धुणारा ख्रिस्त आणि विकत घेतलेले लक्ष : एका व्हिडिओ जाहिरातीची समीक्षा

प्रस्तावना
धर्मप्रसार आणि माध्यमे यांचे नाते जुने आहे. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तकथेसाठी कीर्तनाचा आश्रय घेतला. प्रत्येक माध्यमाने संदेश वाहून नेला, तसाच त्याला आकारही दिला. आज सुवार्ताप्रसारासाठी पैसे मोजून व्हिडिओ जाहिराती दाखविल्या जातात. हे माध्यम संदेशाला कोणता आकार देते, याचा शोध अमेरिकेतील ‘ही गेट्स अस’ (‘तो आपल्याला जाणतो’) या मोहिमेतील एका जाहिरातीच्या आधारे प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जाहिरातीचे स्वरूप
ही मोहीम २०२२ मध्ये सुरू झाली. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी सुपर बाउल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात तिची एक मिनिटाची जाहिरात झळकली. तीत संवाद नाही. स्थिर छायाचित्रांची मालिका आहे. एक पोलीस कृष्णवर्णीय तरुणाचे पाय धुतो. कुटुंबनियोजन केंद्राबाहेर एक स्त्री दुसऱ्या तरुणीचे पाय धुते. येशूने द्वेष शिकविला नाही, त्याने पाय धुतले, या आशयाचा मजकूर अखेरीस उमटतो. स्थिर चित्रांमुळे नजर थांबते, हे या रचनेचे खरे बळ होय.

आशयाची चिकित्सा
या जाहिरातीवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. पश्चात्तापाचा उल्लेख नाही, असा परंपरावाद्यांचा आक्षेप होता. हा पैसा गरिबांसाठी खर्च व्हावयास हवा होता, असे इतरांचे म्हणणे होते. परंतु अधिक मूलभूत त्रुटी वेगळीच आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात पेत्र आधी नकार देतो, गुरूशी वाद घालतो आणि मगच पाय पुढे करतो. म्हणजे ज्याचे पाय धुतले जातात त्याला तेथे वाणी आहे. जाहिरातीत ती नाही. तेथील नम्रता देखणी आहे, पण एकतर्फी आहे.

माध्यमाची चिकित्सा
यूट्यूबवरील वगळता येणाऱ्या जाहिरातींत प्रेक्षकाला पाच सेकंदांनंतर ती सोडून देता येते. दर पाहण्यामागे आकारणीच्या पद्धतीत जाहिरात तीस सेकंद, किंवा त्याहून छोटी असल्यास पूर्ण, पाहिली गेली अथवा प्रेक्षकाने तिच्यावर क्लिक केले, तरच जाहिरातदाराला पैसे पडतात. प्रस्तुत जाहिरात या रूपात दाखविली, तर तिसाव्या सेकंदाला निघून गेलेला प्रेक्षक हिशेबात ‘मिळालेला’ ठरेल. मात्र येशूचे नाव त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसेल. मोजणी पूर्ण आणि सुवार्ता अपूर्ण, अशी ही विसंगती आहे.

याउलट, वगळण्याचे बटण हा प्रेक्षकाला मिळालेला पेत्राचा नकारच आहे, असेही म्हणता येईल. त्या दृष्टीने हे माध्यम सक्तीचे नाही. शिवाय धार्मिक श्रद्धेच्या आधारे प्रेक्षक निवडण्यास गूगलच्या धोरणात मनाई आहे. मेटानेही जानेवारी २०२२ पासून धर्मासारख्या संवेदनशील विषयांवरील सविस्तर निवडीचे पर्याय काढण्यास सुरुवात केली. कोणाच्या श्रद्धेवर नेम धरून जाहिरात सोडण्याला यामुळे काहीसा आळा बसतो, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि पेत्राच्या नकाराला उत्तर मिळाले होते. बटण दाबणाऱ्याला पुढची जाहिरात मिळते.

समारोप
कीर्तनात श्रोता समोर बसलेला असतो. त्याची चुळबुळ कीर्तनकाराला दिसते आणि निरूपण वळण घेते. जाहिरातीला केवळ आकडा दिसतो. म्हणून सशुल्क व्हिडिओ त्याज्य ठरत नाही. त्याची मर्यादा मात्र ओळखावयास हवी. तो दार ठोठावू शकतो, पाय धुऊ शकत नाही. त्यासाठी कोणीतरी प्रत्यक्ष गुडघे टेकून बसावे लागते आणि समोरच्याचा नकारही ऐकावा लागतो. अशा मोहिमेचे यश पाहणाऱ्यांच्या संख्येवर न मोजता त्यानंतर घडलेल्या संवादावर मोजले जावे, असे या विवेचनावरून वाटते.