अकोला शोधताना अमरावती

सातबारा घरबसल्या पाहता यावा म्हणून शासनाने ‘महाभूलेख’ हे संकेतस्थळ काढले. सोय मोठी, पण त्याच्या जुन्या मांडणीत आधी महसूल विभाग निवडावा लागे. म्हणजे अकोल्याच्या शेतकऱ्याने प्रथम ‘अमरावती’ निवडायचे! अमरावती विभागात ५ जिल्हे. ही विभागणी कारभाराच्या सोयीची. शेतकऱ्याला ठाऊक असतो तो आपला जिल्हा, तालुका, गाव. तो तेथे अडला, तर दोष त्याचा नव्हे, मांडणीचा. याकोब नीलसन यांच्या १९९४ च्या १० कसोट्यांपैकी एक हेच सांगते : यंत्राने वापरणाऱ्याच्या ओळखीचे शब्द व क्रम स्वीकारावा. विद्यार्थ्यांसह एखादे संकेतस्थळ असे तपासून पाहा. वापरणाऱ्याला काही सुचवू नका. तो कोठे थबकतो, तेवढेच टिपा.