भजनाला गुण देताना

खानापूर सोडून लोंढ्याकडे निघाले की रेल्वे रानात शिरते आणि थोड्याच वेळात गुंजी येते. स्टेशन लहान, गाव लहान. पण माउलीच्या देवळामुळे पंचक्रोशीत नाव मोठे. पाऊस सरला, भाताची कापणी आणि मळणी आटोपली की या बाजूची खेडी गाऊ लागतात. कुठे ज्ञानेश्वरीचे पारायण बसते, कुठे देवळात जागर असतो, कुठे सप्ताह. आणि अलीकडे जागोजागी भजन स्पर्धा असतात. अमुक मंडळ पहिले, तमुक दुसरे, उत्तम गायक, उत्तम पखवाजवादक, असा निकाल वर्तमानपत्रात छापून येतो.

निकाल येतो, परीक्षण मात्र कुठे येत नाही. आपल्याकडे नाटकावर लिहिणारे आहेत, कवितेवर लिहिणारे आहेत. रात्रभर गाणाऱ्या या माणसांच्या गाण्यावर मात्र 'श्रोते भक्तिरसात न्हाऊन निघाले' या एका वाक्यापलीकडे कुणी जात नाही. भजनाची कसली समीक्षा, ती देवाची सेवा, असे म्हणणारी मंडळीच दुसऱ्या दिवशी अर्ध्या गुणावरून हमरीतुमरीवर येतात. म्हणजे समीक्षा होतेच. फक्त ती आकड्यांत होते. ते आकडे लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. म्हणून हा लेखप्रपंच, आणि यातला पहिला आक्षेप माझ्यावरच आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

काही वर्षांपूर्वी गुंजीजवळच्या एका खेड्यात परीक्षक म्हणून बसलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. कारण जे झाले ते कोणत्याही गावात होऊ शकले असते. देवळापुढे मांडव, परीक्षकांना टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि छापील कागद. सूर २०, ताल २०, चाल २०, शब्दोच्चार २०, शिस्त व पेहराव २०. प्रत्येक मंडळाला वीस मिनिटे, अठराव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा.

पहिल्या क्रमांकाला पोचलेले मंडळ खरोखर तयारीचे होते. पांढरेशुभ्र सदरे, गळ्यात एकसारखे शेले. पेटीमास्तरांचा हात फिरता, पखवाज स्वरात लावलेला. रूपाचा अभंग यमनात बांधला होता. मग गजर, मग एका गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर गौळण, शेवटी भैरवी. सुरांत खोट काढायला जागा नव्हती. तीस वर्षांपूर्वी आपल्या खेड्यांत असा सूर ऐकू येत नसे, हे मान्य केलेच पाहिजे. स्पर्धांनी पोरांना रियाझाला बसवले, पेटी शिकायला लावले, भजनी ठेका आणि दीपचंदी यांतला फरक कळायला लावला. हे श्रेय त्यांचे आहे.

पण त्या गायनाची बैठक आठवून पाहतो तेव्हा काही गोष्टी खटकतात. रूपाचा अभंग म्हणजे देवाचे ध्यान डोळ्यांपुढे उभे करायचे. तिथे बुवा एकेका अक्षरावर आलाप घेत थांबत होते. ध्यान उभे राहायच्या आत मोडत होते. दोन चरणांच्या मधे पखवाजवाला इतकी लांब तिहाई घेई की मागचा चरण कोणता होता याची आठवण राहू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धृपद. धृपद दर वेळी निराळ्या वळणाने येत होते. पहिल्यांदा खाली, मग वर, मग तानेच्या शेपटासकट. ऐकायला गोड होते, पण ते मांडवातल्या कुणालाही उचलता येण्यासारखे नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गायले मात्र कुणी नाही.

त्यानंतर एक लहान मंडळ आले. सात-आठ पुरुष, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, आणि तीन मुली. पेटीचा एक सूर फुटका, पेहराव ज्याचा त्याचा. संथ भजनी ठेक्यात त्यांनी अभंग धरला. चरण एक मुलगी म्हणत होती, सातवी-आठवीतली असावी. तिच्या हातात वही होती. वही हातात धरणे हाच मुळात नियमभंग. मी पेन उचलले. मुलगी चरण म्हणू लागली तसे तिचे 'च' आणि 'ज' माझ्या कानाला लागू लागले. 'चोखट' म्हणताना तिने 'चिमणी'तला 'च' लावला. 'साच'चेही तेच. मी शब्दोच्चारात वीसपैकी नऊ लिहिले.

मधेच ती वही टेबलाच्या बाजूला कलली आणि मला दिसले की अभंग कानडी अक्षरांत लिहिलेला होता. घर मराठी, शाळा कानडी, असे ते पोर. तरी मी नऊचे दहा केले नाहीत. नियम तो नियम.

निकाल लागला, बक्षिसे वाटली गेली. चहा घेताना त्या मंडळातला एक म्हातारा टाळकरी जवळ आला. तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. म्हणाला, "गुर्जी, गुण लिवलासा, खरं धृपद धरला न्हाईसा."

मी हसून सोडून दिले. पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य सुटले नव्हते. म्हातारा म्हणत होता ते खरे होते. मी सबंध रात्र लिहीत होतो, एकदाही गायलो नव्हतो. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवली, जी मी ऐकली होती पण नोंदली नव्हती. ते मंडळ धृपदावर आले की मांडवाच्या मागच्या अंगाला बसलेल्या बाया धृपद उचलत होत्या. एकेक करून पोरेही त्यात येत होती. आणि त्या धृपदात तीच मुलगी, तोच 'च', अगदी बिनचूक म्हणत होती.

इथे थोडे व्याकरण सांगतो. मराठीत 'च' दोन आहेत. 'चिमणी'तला एक, 'चांगला'तला दुसरा. 'ज'चेही तसेच, 'जीव' निराळा, 'जोंधळा' निराळा. पण देवनागरीत दोन्हींना अक्षर एकच. म्हणजे वही देवनागरीत असती तरी त्या पोरीला कागदावरून हा भेद कळला नसता. 'चांगला' ती बरोबर म्हणते, कारण तो तिने आईच्या तोंडून ऐकला. 'चोखट' घरात कुणी बोलत नाही. तो तिला कागदावर भेटला, म्हणून चुकला. आणि जो शब्द धृपदात होता, तो आठ म्हाताऱ्यांच्या आणि पंचवीस बायांच्या तोंडून तिच्या कानात गेला, म्हणून जागेवर बसला. दोष लिपीचा नव्हताच. कानाला मिळालेल्या किंवा न मिळालेल्या शब्दाचा होता.

तेव्हापासून मी भजन ऐकताना एकच गोष्ट आधी पाहतो, धृपद कोण धरते. बुवाने चरण म्हणावा आणि सभेने धृपद धरावे, ही भजनाची मूळ घडण आहे. ती चाल सोपी असते ती कर्त्याला अवघड जमत नव्हती म्हणून नव्हे. आलेल्या प्रत्येकाला आत घेता यावे म्हणून. मैफलीचे गाणे ऐकणाऱ्यासाठी असते आणि तिथे ते बरोबर आहे. भजनात ऐकणारा असा वेगळा नसतोच. आपल्या स्पर्धांनी भजनाला नकळत मैफल करून टाकले. बारा जण गातात, दोनशे जण ऐकतात, तिघे गुण लिहितात.

कुणी म्हणेल, भीमसेन जोशींनी अभंग मैफलीतच गायला ना? गायला, आणि राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्यासारख्यांच्या चालींतून अभंग घराघरांत पोचला, हे उपकार मोठे आहेत. पण ते गायन भीमसेनांचे होते. त्याची नक्कल म्हणजे भजन नव्हे. कॅसेटीच्या काळापासून सुरू झालेली ही नक्कल आता मोबाइलवर आणखी सोपी झाली आहे. गुंजीतला बुवा, निपाणीतला बुवा आणि पुण्यातला बुवा एकाच ध्वनिमुद्रिकेतल्या जागा घेताना ऐकू येतात. आपापल्या गावच्या जुन्या चाली म्हाताऱ्यांबरोबर जात आहेत आणि त्यांना गुणपत्रिकेत रकाना नाही.

दुसरा मुद्दा आपल्या मुलखाचा आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि आपण या बाजूला राहिलो. तेव्हापासून आपल्याकडे मराठी कार्यक्रम म्हटला की त्यात गाण्याबरोबर आणखी एक गोष्ट असते. आम्ही अजून आहोत, हे सांगणे. यात चूक काही नाही. पण त्यामुळे आपण भाषेची शुद्धता जपण्यासाठी पहारेकऱ्यासारखे उभे राहतो आणि कानडी अक्षरांतली वही दिसली की भुवया वर जातात. माझ्या गेल्या होत्या.

वास्तविक या मुलखातल्या गाण्याचा इतिहास असा पहारा ठेवून घडलेला नाही. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि त्यानंतर १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. मराठी रंगभूमीवर गाजलेले सवाई गंधर्व कुंदगोळचे. त्यांचे शिष्य भीमसेन गदगकडचे. ते दासांची कानडी पदे आणि संतांचे मराठी अभंग सारख्याच ओढीने गात. १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व तर आपल्या सुळेभावीचे. पुरंदरदासांच्या पदाची मुद्राच मुळी 'पुरंदर विठ्ठल', आणि ज्ञानदेवांनी आपल्या विठ्ठलाला कानडा म्हणून घेतले ते कौतुकानेच. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवीत. त्यांच्या 'गणगोत'मधले रावसाहेब तुम्ही-आम्ही सर्वांनी वाचले आहेत. कानडी हेल काढून मराठी बोलणारा आणि गाण्यावर जीव टाकणारा तो रसिक. त्या मराठीला शब्दोच्चाराचे किती गुण द्यायचे? पु. लं. नी ती जशीच्या तशी उतरवून घेतली, म्हणून ती आपल्या कानांत राहिली.

यावरून उच्चार कसाही चालेल, असे मला म्हणायचे नाही. चुकीचा 'च' चुकीचाच. प्रश्न तो दुरुस्त कसा होतो, हा आहे. गुण कापून होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. गुण कापले की पुढच्या वर्षी त्या मुलीच्या जागी मंडळ दुसरा गायक आणते. ती मुलगी मग मांडवात बसते, आणि बारा जणांचे गाणे ऐकून टाळ्या वाजवते. शाळेत मराठी नाही, नोकरीत लागणार नाही. घरची मराठी भाजीपाल्यापुरती. संतांचा शब्द तिच्या तोंडात यायची एकच जागा होती, धृपद. ती आपणच बंद करतो, आणि वर भाषेच्या रक्षणाची भाषणेही करतो.

स्पर्धा बंद करा, असे सांगायला मी आलेलो नाही. एक कार्यकर्ता मला म्हणाला, "स्पर्धा न्हाई तर पोरं येतच न्हाईत ओ." त्याचे म्हणणे खोटे नाही. तरुण पोरांना ईर्षा लागते. ढालीच्या आशेने का होईना, ती महिनाभर देवळात जमतात. तरीही जागर आणि स्पर्धा यांतला फरक मी दोन्हीकडे बसून पाहिला आहे. पारायणाच्या जागरात शेजारच्या गावचे मंडळ येते, गाते, पहाटे पिठले-भात खाऊन परत जाते. पुढच्या महिन्यात त्यांच्या गावी आपले मंडळ जाते. तिथे गाणे बेतास बात असते, पेटी कधी कधी रडते. पण धृपद मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचलेले असते. स्पर्धेतला सूर आणि जागरातले धृपद एकत्र का येऊ नये, एवढेच माझे विचारणे आहे.

उपाय साधे आहेत. वहीला बंदी नको, मग ती कोणत्याही लिपीत असो. निदान एक अभंग गावाच्या जुन्या चालीत म्हणावा, अशी अट असावी. शेवटचा गजर ध्वनिक्षेपक बंद करून व्हावा, म्हणजे मांडवाला आपला आवाज ऐकू येईल. आणि गुणपत्रिकेत एक रकाना असावा, सभेने धृपद किती धरले. हा रकाना भरायचा तर परीक्षकाला मान वर करून लोकांकडे पाहावे लागेल. तेही बरेच होईल.

परवा एका गावच्या मंडळींनी पुन्हा परीक्षक म्हणून बोलावले. मी ही रकान्याची गोष्ट काढली. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. एक जण म्हणाला, "बरं आहे हो गुर्जी, खरं कागद छापून झालेत की." मी म्हटले, छापू देत. पट्टी तेवढी आणून ठेवा, रेघ मी हाताने आखीन. आणि टेबल थोडे मागे, बायकांच्या बाजूला सरकवा. तिथून धृपद धरायला सोपे जाते.