तांब्याच्या पत्र्यावरचे हुतात्मे

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय चित्रांचा आहे, आणि त्यातलं एक चित्र तुमच्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलमध्ये येऊन गेलेलं असणार. लांबलचक मिरवणूक, पुढे निशाण, माणसांच्या अंगात झोळण्यासारखे झगे, काहींच्या डोक्यावर उंच निमुळत्या टोप्या. खाली कोणीतरी लिहिलेलं असतं, ‘गोव्यात आपल्या पूर्वजांचे हाल, पाहा आणि पुढे पाठवा’. पुढे पाठवण्याआधी थोडं थांबून ते चित्र पाहावं, एवढंच आज करायचं आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची उभी हयात गेली. त्यामुळे पुरावा कशाला म्हणायचं हा प्रश्न आम्हाला सुटत नाही, आणि तो चित्रालाही विचारता येतो.

या चित्राचं मूळ शार्ल देलों या फ्रेंच डॉक्टरच्या पुस्तकात आहे. देलों दमणला राहत होता. १६७३ च्या ऑगस्टमध्ये त्याला तिथे पकडलं, वसईच्या तुरुंगात ठेवलं आणि १६७४ च्या जानेवारीत गोव्याला इन्क्विझिशनपुढे नेलं. त्याच्यावरचे आरोप ऐकण्यासारखे आहेत. बाप्तिस्म्याविषयी तो काहीतरी वेगळं बोलला, हा एक. दुसरा असा की दानपेटीवर रंगवलेल्या संताच्या चित्राचं चुंबन घ्यायला तो टाळाटाळ करायचा, क्रूसमूर्तीविषयीही त्याचे शब्द नीट नव्हते. (खरं कारण दमणच्या गव्हर्नरचा एका बाईवरून झालेला मत्सर, असं देलोंचं म्हणणं.) म्हणजे चित्राचा मान न राखल्याबद्दल ज्याला धरलं, त्याच्याच पुस्तकातून गोव्याच्या इन्क्विझिशनचं चित्र जगभर गेलं. १२ जानेवारी १६७६ रोजी त्याला मिरवणुकीत चालवलं आणि पाच वर्षं गलबतावरच्या सक्तमजुरीची शिक्षा सांगितली. पुढच्या वर्षी तो पोर्तुगालमधून सुटला. पुस्तक १६८७ मध्ये लायडनला निघालं, १६८८ मध्ये पॅरिसला, आणि पॅरिसच्या आवृत्तीत ही छापचित्रे आली.

आता हे चित्र कोणी काढलं? गोवा पाहिलेल्या माणसाने नाही. युरोपातल्या कारागिराने देलोंचं वर्णन वाचलं आणि त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेघा ओढल्या. पत्र्यात शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद दाबून ठसा घ्यायचा, अशी ही रीत. ठसा उलटा उमटतो. दुसऱ्याने तोच ठसा पाहून नवा पत्रा कोरला की मिरवणूक उलट्या दिशेला चालू लागते, उजवा हात डावा होतो. पुढे अ‍ॅमस्टरडॅममध्ये बर्नार पिकार याने जगातल्या सगळ्या धर्मांच्या रीतिरिवाजांवरच्या प्रचंड ग्रंथासाठी, १७२३ पासून निघालेल्या, देलोंच्याच चित्रांवरून गोव्याची चित्रे केली. पिकार पॅरिसचा. कॅथलिक धर्म सोडून तो हॉलंडला गेलेला. त्याचा प्रकाशक-लेखक ज्याँ फ्रेदेरिक बेर्नार हाही फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांपैकी. फ्रान्सच्या राजाने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतलं होतं, हजारो माणसं देशोधडीला लागली होती. त्या लोकांना गोव्याच्या मिरवणुकीत आपलं घर सोडणं दिसत होतं. चित्र गोव्याचं, जखम फ्रान्सची. हे कळल्यावर चित्र खोटं ठरत नाही, पण ते कोणाशी बोलत होतं ते कळतं. आमच्याशी तर ते बोलत नव्हतंच.

चित्रात जे आलं ते बरंचसं देलोंच्या मजकुराशी जुळतं. पुढे डॉमिनिकन साधू, त्यांच्या निशाणावर संत डॉमिनिक, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी. न्याय आणि दया, दोन्ही एकाच हातमागावर विणलेली. मागे अनवाणी कैदी, हातात मेणबत्ती, प्रत्येकाबरोबर एक ‘धर्मपिता’. कैद्यांचे झगेसुद्धा वाचायचे असतात. पिवळ्या कापडावर तांबडा तिरका क्रूस असला की माफीची शिक्षा, तो देलोंच्या अंगावर होता. उलट्या ज्वाळा म्हणजे निकालानंतर कबुली दिली आणि जाळण्यातून वाचला. ज्वाळा सरळ असल्या तर मरण. त्या दिवशी एक पुरुष आणि एक स्त्री, दोघेही इथलेच ख्रिस्ती, जादूटोण्याच्या आरोपावरून जाळले गेले. त्याशिवाय आधीच मेलेल्या चौघांचे पुतळे आणि त्यांच्या हाडांच्या पेट्या.

पण पुस्तकातला सगळ्यात मोठा क्षण चित्रात येत नाही. मिरवणुकीआधी, पहाटे, कैद्यांना पाव आणि अंजीर वाटले. (पोर्तुगीज लोक आपल्या केळ्यालाही हिंदुस्थानचं अंजीर म्हणत, तेव्हा काय दिलं असेल ते तुम्हीच ठरवा.) देलोंला भूक नव्हती. पहारेकरी म्हणाला, घे, खिशात ठेव, परत येईपर्यंत भूक लागेल. ‘परत येईपर्यंत’ या शब्दांवरून त्या माणसाला कळलं की आपल्याला जाळणार नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं. छळ म्हणजे काय, याचं यापेक्षा नेमकं वर्णन आमच्या वाचनात नाही. आपलं काय होणार हे माणसाला पावाच्या तुकड्यावरून ओळखावं लागतं. आणि ते कोरणीला काढता येत नाही. कोरणीला गर्दी, धूर, झगे काढता येतात. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांत हमखास यातनागृह असतं, दोरीला टांगलेला माणूस असतो. देलोंने यातनागृह आतून पाहिल्याचं म्हटलेलं नाही. सकाळी किंकाळ्या ऐकू येत, एवढंच तो लिहितो. त्याचा हा संयम आम्हाला त्या चित्रांहून जास्त भयंकर वाटतो.

आणखी एक गोष्ट. सरळ ज्वाळांच्या झग्यावर खुद्द त्या कैद्याचा चेहरा रंगवत, भोवती भुतं आणि पेटती लाकडं. जाळल्यावर ती चित्रे गोव्यातल्या डॉमिनिकनांच्या चर्चमध्ये टांगत. खाली नाव, बापाचं नाव, गाव, गुन्हा, तारीख. म्हणजे गोव्यातच, गोव्याच्या माणसांची, ओळखू येतील अशी चित्रे होती, आणि ती छळणाऱ्याने केलेली होती. कायमची बदनामी व्हावी म्हणून. युरोपातल्या सहृदय कोरणाऱ्याने याच माणसांची दया केली, पण त्यांचे चेहरे आणि नावं गेली. हे कोडं आम्हाला सुटत नाही: ज्याने द्वेष केला त्याने नाव लिहून ठेवलं, ज्याने कणव केली त्याने गर्दी काढली.

आता नाण्याची दुसरी बाजू. देलोंच्या पुस्तकाआधी बाराच वर्षं, १६७५ मध्ये, प्रागला माथियास टॅनर या जेझुइटाने आपल्या संघाच्या हुतात्म्यांचा सचित्र ग्रंथ काढला. रेखाटनं कारेल श्क्रेताची, कोरीव काम मेल्कियोर क्यूसेलचं. त्यात साष्टीतली कुंकळीही आहे. २५ जुलै १५८३ ला तिथे रुडॉल्फ अ‍ॅक्वाविवा आणि चार जेझुइट मारले गेले. या ग्रंथातली रीत ठरलेली: मरणाऱ्याची नजर वर, मारणाऱ्याच्या हातात शस्त्र, खाली लॅटिनमध्ये नाव-गाव-तारीख. मारणारे सगळे एका साच्यातले, देश कुठलाही असो. साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली होती, कुंकळीच्या गावकऱ्यांचा राग तिथला होता, हे चौकटीबाहेर. त्या खुनांनंतर गावच्या मुखंडांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं, हेही बाहेर. पाच जेझुइटांना पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये ‘धन्य’ घोषित केलं. पण त्यांच्याबरोबर मेलेले स्थानिक ख्रिस्ती, त्यांत दोन मुलगे, ते मागेच राहिले.

अ‍ॅक्वाविवाविषयी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीन वर्षं आधी, १५८० मध्ये, हाच माणूस फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे गेला होता. बरोबर अँटवर्पची अनेकभाषी बायबल, तिच्यात कोरीव चित्रे. मोगल चितारी युरोपातली चित्रे पाहून नकला करू लागले त्यात या भेटीचा मोठा वाटा. छापचित्रं घेऊन आलेला माणूस स्वतःच छापचित्र होऊन परत गेला.

वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मेला. त्याच्या नावाचं कॉलेज वसईत आहे. सव्वीस जण होते, पण लोरेनच्या जाक कालोने १६२७ च्या सुमारास चित्र काढलं त्यात क्रूस तेवीसच. फ्रान्सिस्कनांचा गट तेवढा घेतला, तीन जेझुइट वगळले. हुतात्म्यांतही आमचा-तुमचा होताच. आणि त्या तेवीस इवल्याशा आकृतींत आपला वसईकर कोणता ते ओळखायला काही खूण नाही.

मग इथल्या लोकांनी काय जपलं? वेंगुर्ला-मालवणकडची कितीतरी घरं आजही गाऱ्हाणं घालायला कुलदेवाला गोव्यात जातात, तेही बहुतेकदा मूळ जागी नाही, देव जिथे हलवला तिथे. कुंकळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. फाल्गुनात ती कुंकळीला परत येते, रंगीत छत्र्या घेऊन, बारा वांगडांच्या बारा. गुलाल, ढोल, गर्दी. कोरणाऱ्याला हवी तशी मिरवणूक, पण ती चालणाऱ्यांचीच आहे.

आमचं खरं भांडण आहे ते त्या फिरत्या चित्राखालच्या ओळीशी. ‘आपले पूर्वज’ म्हणजे कोण? इन्क्विझिशनचा हात मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर पडत होता. घरात तुळस ठेवली, लग्नात जुनी रीत केली, म्हणून नव्या ख्रिस्ती माणसाला धरत. सावंतवाडीला, मालवणला आपल्या शेजारी जी कॅथलिक घरं आहेत, पिवळा झगा त्यांच्याच पणजोबांच्या पणजोबांच्या अंगात असण्याची शक्यता जास्त. आणि ते चित्र आज त्यांच्याविरुद्ध पाठवलं जातं. इन्क्विझिशन झालंच नाही असं म्हणणाऱ्यांचाही आम्हाला तितकाच कंटाळा आहे. १५६० ते १८१२, मधली चारेक वर्षं सोडता, ते होतं. अ. का. प्रियोळकरांचा १९६१ चा इंग्रजी ग्रंथ त्यासाठी वाचावा, त्यात देलोंची हकीकतही आहे.

खटल्यांची दप्तरं इन्क्विझिशन उठल्यावर जाळली गेली. पण झुआंव देल्गादु फिगेइरा याने १६२३ पर्यंतच्या खटल्यांची केलेली सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, सुमारे ३८०० नोंदींची. नाव, गाव, गुन्हा. मराठी येणाऱ्या कोणा तरुणाने पोर्तुगीज शिकून तिच्यातली साष्टी-बारदेशची गावं एकेक करून वाचावीत, असं आम्ही गेली काही वर्षं प्रत्येक व्याख्यानात म्हणतो आहोत. आजही म्हणतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.